आखल्यालं चुकत न्हाई

पिंपळवंडीत मी नानांच्या शेजारी राहतो, त्यामुळे पुष्कळसे शोध मी जगाच्या आधी पाहिले आहेत. फक्त कागदावर. नानांच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा असतो. लग्नपत्रिकेची पाठ दिसली की लगेच आखणी सुरू.

डोकं मात्र तल्लख. टोमॅटोच्या बांधणीची तार गुंडाळायचं यंत्र त्यांनी आखलं. पिंपरी पेंढारच्या मेहुण्यानं चित्र पाहून ते बनवलं आणि वापरतोही. नानांकडे अजून चित्रंच आहेत. गोबरगॅसच्या खड्ड्यात तर त्यांची म्हैस डुंबते.

"थेअरी पक्की हाय, भाऊ. फकस्त बारीक सुधारणा ऱ्हायलीय."

"आमच्यात बोलाचीच कढी," नानी आतून म्हणायची. "वाढू का वाईच?"

एकदा मी चिडून विचारलं, "नाना, एक तरी काम तडीस न्याल का?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "आखल्यालं चुकत न्हाई, भाऊ. केलं की चुकतं."

यंदा नानीला पक्षाघात झाला. रोज थोडं चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. नानीला एकच ध्यास: अंगणापलीकडच्या गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात फिरवायचा. नानांनी आधाराच्या कठड्याचा आराखडा काढायला घेतला. पंधरा दिवस झाले, सुधारणा संपेनात. नानी खाटेवरच. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मग एका सकाळी पहारीचा आवाज आला. नाना अंगणात बांधणीचा बांबू रोवत होते. तोही चक्क वाकडा.

"आराखडा कुठंय?"

"तिनं फाडला. म्हनली, कागुद धरून मला चालता यायचं न्हाई."

तेव्हापासून रोज एकच बांबू. बांबूंना बांधलेली तार धरून नानी आज जिथवर पोचेल, त्याच्या एक पाऊल पुढं उद्याचा बांबू.

काल मी विचारलं, "गोठ्यापर्यंत अजून किती लागतील?"

"मोजत न्हाई. मोजलं की सुधारणा सुचत्यात."

शेवटच्या बांबूपाशी ते हात पसरून उभे राहिले. "ये. आज हितवरच."

नानी पाय ओढत आली. तिथं थांबली नाही. तार सोडून तिनं नुसता नानांचा हात धरला आणि एक पाऊल जास्त टाकलं.

"अवं, बगता काय? बांबू आना!"

मला तिच्याजवळ उभं करून नाना धोतर सावरत पळत सुटले.