डावीकडचं दार

आमच्या दिंद्रुडचे वामनतात्या रोज सकाळी आपली पांढरी गाडी धुतात, पण अर्धीच. उजवी बाजू चकाचक. डाव्या बाजूला पाण्याचा थेंब लागू देत नाहीत, कारण तिकडचं दार पार आत गेलंय. एकदा मी शेजारधर्म म्हणून तिकडं फडकं मारायला गेलो, तर तात्या केवढ्यांदा ओरडले, "हात लावू नगा, गुरुजी! पुरावा हाय त्यो!" परवा एक कोंबडी पुराव्याच्या सावलीला बसली होती. तिलाही दम मिळाला.

घडलं असं. तात्या कपिलधारच्या यात्रेहून परत येत होते. फाट्यावर सीताफळांनी भरलेला एक पिकअप आडवा आला आणि डाव्या दारावर आदळला. तात्यांना खरचटलंसुद्धा नाही. पिकअपवाल्यानं हात जोडले, जमलेल्यांनी 'जागेवर मिटवा' म्हणून गळ घातली, चहा मागवला. तात्यांनी चहा घेतला, पण मिटवलं नाही. जन्मभर तहसीलमध्ये कारकुनी केलेला माणूस! पिकअपच्या विमा कंपनीकडं रीतसर अर्ज गेला.

कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. तात्या स्पीकर लावूनच बोलतात, त्यामुळे आमच्या गल्लीला पेपरची गरज पडत नाही.

"सर, गाडीचे फोटो पाठवा. लगेच मंजुरी मिळेल."

"फोटोत काय दिसतंय, बाई? माणूस धाडा. समक्ष बघू द्या."

"सर, हल्ली कुणी येत नाही. आणि हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ द्या की. मंग जरा मोठ्यानं बोलतो."

'समक्ष' हा तात्यांचा लाडका शब्द. काकू गेल्यापासून तर फारच. पुण्याच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की दोन वाक्यांत बंद करतात. "टिकलीएवढं तोंड दिसतंय त्याचं. समक्ष ये म्हणावं."

पुढं कंपनीनं फाईल बंद करायची धमकी दिली, तेव्हा माझं डोकं फिरलं. "तात्या, कावून हट्ट करताय? थांबा, मीच काढतो ना फोटो!"

"न्हाई. त्यांचा माणूस माझ्या दारात आला पायजे."

आणि शेवटी आला. मुलगी बघायला पाव्हणे यावेत तसा तात्यांचा थाट. अंगणात सतरंजी, कडक इस्त्रीची टोपी, स्वतः केलेले पोहे. आलेल्या सर्व्हेअरनं हेल्मेटही काढलं नाही. उभ्या उभ्या फोटो काढले, दार ओढून पाहिलं, आत वाकला.

"बाप रे! पत्रा सीटपर्यंत आलाय. इथं कोण बसलं होतं?"

"कुणी न्हाई."

"नशीब म्हणा, काका!"

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"कशाचं नशीब, साहेब? आमी दोघं जोडीनं जायचो कपिलधारला. औंदा एकटा गेलतो, एकटाच आलो. धडक बसली तवा मी आधी तिकडंच हात घातला. तिला धराया. हाताला नुस्ती सीट लागली."

सर्व्हेअरनं हेल्मेट काढलं.

तात्यांनी मग पोह्यांची बशी पुढं केली. "बसा की साहेब घडीभर. गार व्हायलेत."