सताड उघड्या दारांचा करार

विश्वास ही फार नाजूक चीज आहे. म्हणूनच तिच्यावर सतत नजर ठेवावी लागते.

हॉलंडमधल्या उत्रेख्तच्या विमा कंपनीला हे ठाऊक होतं. तिचे दावे तपासायचं काम रोमानियात, ब्रइलाच्या एका कचेरीत चाले. (स्वस्तात चाले, पण असले विषय विश्वासाच्या आड येऊ नयेत.) कराराच्या नूतनीकरणाआधी विश्वासवृद्धी विभागाचा फतवा आला: आपल्यात आडपडदा नको, सबब कामाच्या वेळी सर्व दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खात्रीसाठी कॅमेरा बसला. विश्वासाला दहापैकी गुण. नूतनीकरणाच्या दिवशी ते आठाच्या खाली असले की करार बंद, आणि ब्रइलाची कचेरी सांभाळणाऱ्या स्मारांडाची सगळी माणसं घरी.

आता ब्रइलात माणूस सरकारला भीत नाही, सासूला भीत नाही. भितो तो कुरेंटला. समोरासमोरच्या दार-खिडकीतून आरपार वाहणारा वारा म्हणजे कुरेंट. तो मानेत शिरतो, दाढेत शिरतो, मूत्रपिंडातही शिरतो. (गावातले नव्वद टक्के मृत्यू त्याने होतात; उरलेले डॉक्टरकडे गेल्याने.)

लोकांनी हुकूम पाळला. दारं उघडली, आणि कानांत कापसाचे बोळे घातले.

गुण सहावर आले. शेरा होता: "पुरवठादार आमचं ऐकून घेत नाहीत."

स्मारांडाने पडद्यावरच्या, विश्वासवृद्धी विभागाच्या व्हाउटरसाहेबांना विनवलं, "साहेब, वारा लागतो हो!"

"वाऱ्याने कुणी आजारी पडत नाही."

"ऐकलंस?" मागच्या टेबलावरून ऑरिकामावशी पुटपुटल्या. "आईने कधी कानटोपी घातली नसणार याला. लेकरू उघड्यावरच वाढलं गं!"

"मावशी, बोळे काढा."

"आणि मेले तर?"

"दावा आपल्याकडेच येईल. मी मंजूर करते."

स्मारांडाने आधी स्वतःचे काढले, मग सगळ्यांनी. मावशींची मान डावीकडे आखडली ती आखडलीच. सुदैवाने कॅमेरा डावीकडेच होता; त्यांना एकाग्रतेचे जादा गुण मिळाले.

दहापैकी दहा झाले, आणि पत्र आलं: "आपल्यातला विश्वास आता इतका दृढ आहे, की काम दुसरीकडे हलवतोय हे तुम्हाला मोकळेपणाने सांगता येतं."

स्मारांडा खिडकी लावायला उठली.

"राहू दे गं," मावशी म्हणाल्या. "वाऱ्याचं तरी काम चालू राहू दे."

दुसरीकडे म्हणजे पुण्याच्या बाजूला. तिथली मुलं मोठी समंजस. कुठली दारं उघडायची, हे त्यांनी पगाराच्या आधी विचारलं. त्यातला एखादा तुमच्याच घरचा असेल. पेढे तर तुम्ही वाटलेतच.