भामाबाईंच्या सुरकुत्या

बद्रीनाथ बनकरांनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आडवा आला तरी मागं हटायचे नाहीत! बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाइलवर बघून बघून सॉफ्ट पेस्टल शिकून घेतलं होतं. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगीत, भुसभुशीत खडू; कागदावर घासायचे आणि बोटानं पसरवायचे. सासूबाई भामाबाईंच्या पंच्याहत्तरीला त्यांचंच चित्र भेट द्यायचं, असा त्यांनी पण केला.

"साडूभाऊ देणार नऊवारी. नऊवारीचं काय, चार धुण्यात विटते!" ते बायकोला म्हणाले. "माझं चित्र बघून तुझ्या माहेरचं अख्खं पिशोर गाव म्हणेल, जावई असावा तर असा!"

"आधी ती आई हाय हे तरी वळखू येऊ द्या," म्हणत रत्नमाला शिवलेला ब्लाउज आणायला गुलमंडीच्या बाजारात निघून गेली. संध्याकाळीच पिशोरला कार्यक्रम होता.

चित्र मात्र खरोखर जमलं होतं! कपाळावरचं गोंदण, डोक्यावरचा पदर, मिश्किल डोळे. आणि सुरकुत्या! बद्रीनाथांचा सगळा जीव सुरकुत्यांत. नांगरलेल्या वावरासारखी एकेक सुरकुती त्यांनी गडद तपकिरी खडूनं काढली होती. भामाबाई पंच्याहत्तरच्या, पण चित्रातल्या बाईंनी निजामाचं बारसं जेवलं असावं!

राहिला होता फक्त पदराचा निळा काठ. दोन्ही हात अडकलेले, म्हणून बद्रीनाथांनी निळा खडू विडीसारखा ओठांत धरला आणि कागदावरची भुकटी उडवायला नाकानंच जोरात फुंकर मारली. सगळी भुकटी उलटी नाकात! खडू पडला आणि असा ठसका लागला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

तेवढ्यात शेजारच्या सुलेखाताई विरजण मागायला वाटी घेऊन दारात. समोर बघतात तर काय, बद्रीकाका घामाघूम, श्वास लागलेला आणि ओठ निळेशार!

"काका, काय होतंय?"

बद्रीनाथांना रुमाल हवा होता. तो होता शर्टाच्या खिशात, डावीकडं. त्यांनी खोकत खोकत तिकडं बोट दाखवलं.

"छातीत!" सुलेखाताई किंचाळल्या. वाटी गेली कुठल्या कुठं! पुढच्या क्षणी बद्रीनाथ रिक्षात होते. "खो... खडू... खो..." ते सांगू पाहत होते.

"बोलू नका काका, ताकद राखून ठेवा! भैया, जल्दी चलो!"

दवाखान्यात त्यांना आडवं केलं, छातीला वायरी चिकटवल्या. डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली, ओठ पाहिले, मग ओला कापूस ओठांवरून फिरवला. कापूस निळा, ओठ गुलाबी!

"काका, हृदय ठणठणीत आहे. आता खडू खाणं तेवढं बंद करा!"

घरी येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'बद्रीकाका सीरियस' हा निरोप फिरून गेला होता. जिन्यात जमलेल्या मंडळींनी त्यांना चालत वर येताना बघितलं आणि दोघंतिघं चांगलेच दचकले.

रत्नमाला मात्र नुकतीच मागच्या जिन्यानं आली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चित्र तयार चौकटीत, काचेखाली बसवून ती साडीच्या निऱ्या करत उभी होती. बद्रीनाथांनी चित्राकडं पाहिलं आणि या वेळी हात खरंच छातीवर गेला.

"चित्राला काय केलंस?"

"काय करणार? लई भुकटी साचली व्हती. फडक्यानं पुसून काढली. धुळीनं भरलेलं न्यायचं व्हय चार माणसांत?"

"अगं, ती धूळ नव्हती! ती तुझी आई होती!"

सुरकुत्या साफ! नांगरलेल्या वावरावर कुणी फळी फिरवावी तसे गाल गुळगुळीत. दुसरं काढायला वेळ नव्हता. जीपमध्ये पिशोरपर्यंत बद्रीनाथ कागदात गुंडाळलेली चौकट पालथी धरून बसले.

ओवाळणं झालं. भामाबाईंनी वरचा कागद फाडला आणि चित्राकडं बघतच राहिल्या. बद्रीनाथांनी डोळे मिटून घेतले.

"अगं बया!" भामाबाई ओरडल्या. "लग्नात मी अश्शीच दिसत व्हते की! जावईबापू, कुठनं हेरलंत?"

नऊवारी बाजूला पडली. म्हातारी चित्रावरून हात फिरवत हसत होती, डोळे पुसत होती. बद्रीनाथांना वाटलं, या हसण्यापुढं त्या सुरकुत्यांची काय मातब्बरी? शेजारच्या चतुराबाई पुढं सरसावल्या. "जावईबापू, माझंबी काढा!"

"काढतो की!" बद्रीनाथांनी कॉलर ताठ केली. "खडू घेऊन येतो पुढच्या रविवारी!"

एवढ्यात रत्नमालेला हसू आवरेना. तिनं भुकटीची सगळी हकिगत आईला सांगून टाकली. मग चतुराबाई विचार करून म्हणाल्या,

"मंग जावईबापू, तुमी नाय आले तरी चालंल. माझा फोटो हाय घरी. रत्नीला तेवढं फडकं घेऊन पाठवा!"