पास्कलरावांनी नाकारलेली मोपेड

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन आम्ही शेजारी गेलो की पास्कल साळवे दारातच हात मागे घेत. "सोनं नको भाऊ," ते म्हणत, "घरात शहाणपण शिल्लक असेल तर थोडं द्या." पान ते शेवटी घेतच, पण हे सोनं नसून झाडाचं पान आहे असं आमच्याकडून कबूल करून घेतल्यावर. दिवाळीत "भरभराट होवो" म्हटलं की त्यांची हरकत. नाताळात आलेल्या कार्डावर 'सुखसमृद्धी' छापलेलं असलं, तर त्यातली समृद्धी पेनाने खोडून मग ते कार्ड कपाटावर लावत.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. नाशकात त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची कॉलनी होती. साळवे नवराबायको कॅथलिक, मूलबाळ नव्हतं. पास्कलराव सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते आणि लुसीताई नाशिकरोडच्या एका शाळेत शिवण शिकवायच्या. कधीतरी एका रविवारी चर्चमध्ये मिस्साला पास्कलरावांनी बायबलमधल्या एका राजाची गोष्ट ऐकली. देवाने राजाला स्वप्नात विचारलं, काय हवं ते माग. आणि त्याने धनदौलत सोडून शहाणपण मागितलं. गोष्ट चर्चमधल्या सगळ्यांनीच ऐकली. बाकीचे ऐकून घरी जेवायला गेले, पास्कलराव त्या गोष्टीतच राहायला गेले. "मागायचंच तर मोठं मागावं," हे त्यांचं पालुपद झालं. देवाने खूश होऊन राजाला पुढे दौलतही दिली, एवढा भाग मात्र ते गाळत. मी एकदा आठवण करून दिली, तर म्हणाले, तो देवाचा प्रश्न.

घरात त्यांनी टीव्ही घेतला नव्हता. मोह नको म्हणून. क्रिकेटची मॅच ते आमच्या दारात उभं राहून बघत. बसा म्हटलं तर बसत नसत, कारण बसून बघणं म्हणजे मोहात पडणं. पहिल्या चेंडूपासून बक्षीस समारंभापर्यंत हा माणूस चौकटीला टेकून निर्मोही उभा. फ्रिजही नव्हता, पण ईस्टरचं मटण आमच्या फ्रिजमध्ये असे. फोनही नव्हता, त्यांच्या सगळ्या नातेवाइकांकडे आमचाच नंबर. माझी बायको म्हणायची, साळव्यांनी संसार सोडलाय खरा, पण सोडून आपल्याकडे ठेवलाय.

लुसीताई यावर काही बोलत नसत. सकाळी सिटी बसला लोंबकळून जायचं, संध्याकाळी तसंच यायचं. सातपूरहून येणारी बस आमच्या स्टॉपला पोचेपर्यंत रात्रपाळी सुटलेल्या कामगारांनी गच्च भरलेली असे. दिवसभर शिलाई मशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते. एकदा माझ्या बायकोजवळ त्या एवढंच म्हणाल्या होत्या की एखादी मोपेड असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी चर्चच्या सणाला लकी ड्रॉ निघाला, आणि पहिलं बक्षीस होतं मोपेड. लुसीताईंनी गुपचूप एक तिकीट काढलं. नाव घातलं नवऱ्याचं, घरातली सगळी कागदपत्रं त्यांच्याच नावाने म्हणून. आणि तेच निघालं.

शेजारी म्हणून आम्हीही गेलो होतो. पास्कल साळवे असं नाव पुकारल्यावर लुसीताईंनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. पास्कलराव स्टेजवर गेले, फादरांच्या हातून किल्ली घेतली आणि दुसऱ्या हाताने माइक घेतला. तिथे मला शंका आली. त्यांनी राजापासून सुरुवात केली. उभ्या आयुष्यात त्यांना एवढा श्रोतृवर्ग मिळाला नव्हता, त्यामुळे राजा लवकर झोपेना आणि देव लवकर स्वप्नात येईना. फादर दोनदा खोकले. शेवटी पास्कलरावांनी किल्ली परत केली आणि म्हणाले की ही गाडी एखाद्या गरजूला मिळू दे.

पुन्हा चिठ्ठी काढली. गाडी एका बिल्डरला लागली. त्यांच्या दारात आधीच दोन मोटारी होत्या, म्हणून त्यांनी ती आचाऱ्याला भाजी आणायला दिली.

घरी येताना रिक्षात लुसीताई एकच वाक्य बोलल्या, तेही माझ्या बायकोला. "देव यांना शहाणपण देत होता. यांनी एक काना जास्त घेतला."

तेव्हापासून त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढत, डबा भरून देत, पण शब्द नाही. पास्कलराव आमच्या दारात मॅचलाही येईनात. कॉलनीत लोक हसत होते, मीही हसत होतो. शहाणपणाच्या मागे लागलेल्या माणसाला बायकोनेच शिकवलं, असं मी ऑफिसातही रंगवून सांगितलं.

मग पावसाळा संपता संपता मी एका नातेवाइकाकडे सातपूरला मुक्काम केला आणि सकाळी तिथूनच नाशिकरोडची बस धरली. बस सुटायच्या जागी उभी होती, जवळजवळ रिकामी. पुढच्या खिडकीशी पास्कलराव बसले होते. मला वाटलं, शिफ्ट बदलली असेल. तर नाही. दुसरी पाळी करून ते मध्यरात्रीनंतर घरी पोचत आणि पहाटे उठून पुन्हा सातपूरपर्यंत चालत येत.

"कशाला?" मी विचारलं.

"जागा धरायला," ते म्हणाले. "आपल्या स्टॉपला तिला बसायला मिळत नाही."

बस भरत गेली. उभ्या माणसांनी जरा सरका म्हटलं तरी ते हलले नाहीत. मला वाटलं, आता राजाची गोष्ट येणार. पण त्यांनी राजाचं नावही काढलं नाही.

"त्या दिवशी माइक हातात असताना वाटलं, आलं शहाणपण," ते हळूच म्हणाले. "मग खाली तिचा चेहरा दिसला. किल्ली तोवर देऊन बसलो होतो."

आमचा स्टॉप आला. लुसीताई मागच्या दाराने गर्दीतून वाट काढत आल्या. पास्कलराव उठून सीट अडवून उभे राहिले, त्या बसल्यावर बाजूला झाले आणि पुढच्या दाराने उतरून गेले. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

मी लुसीताईंना म्हटलं की आता बोला त्यांच्याशी.

"बोलायचं आहे हो," त्या म्हणाल्या. "पण मी बोलले की हे प्रवचन सुरू करतील, आणि मला परत राग येईल. थोडे दिवस असंच राहू दे. लग्नानंतर पहिल्यांदाच ते गप्प बसून माझ्यासाठी काहीतरी करतायत."

बस हलली. फुटपाथवर पास्कलराव उभे होते, जागरणाने डोळे सुजलेले. लुसीताईंनी समोर बघत बघतच हात खिडकीच्या गजांतून बाहेर काढला. हलवला नाही, नुसता ठेवला. पास्कलराव बसच्या बरोबरीने चालू लागले, मग थोडं धावले, आणि बसने वेग घेण्याआधी त्यांनी त्या हाताला बोटं लावली.