मागच्या बाकावरची भिंत

गप्प बसायच्या स्पर्धा भरत नाहीत म्हणून, नाहीतर आमच्या घरात कप ठेवायला जागा उरली नसती. नवरा बाहेरगावी नोकरीला. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी तो पाहुण्यासारखा येतो आणि टॉवेल कुठे असतो ते विचारतो. या शहरात आमचं दुसरं कोणी नाही. घरात मी आणि आमची ढब्बू. ढब्बू आठ महिन्यांची आहे, त्यामुळे संभाषणातले सगळे शब्द मलाच पुरवावे लागतात. शेजारीण दार उघडते ती पार्सल घेण्यापुरती. परवा गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला मी इतक्या आग्रहाने 'बसा ना' म्हटलं की तो मीटर न बघताच गेला.

तेव्हा एका संस्थेला गप्प बसणारी माणसं हवी आहेत असं कळल्यावर मी ढब्बूला उचललं आणि थेट जाऊन धडकले.

संस्था म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि मॅडम. मॅडम निवृत्त वकील आहेत. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचं कोर्टात कोणी नीट ऐकून घेतं का, हे त्या आमच्यासारख्यांकडून बघून घेतात. आम्ही मागच्या बाकावर बसायचं, बघायचं आणि येऊन सांगायचं. मग मॅडम ते घेऊन वरपर्यंत भांडतात. त्यांच्या भांडणामुळे एका कोर्टात दुभाषा आला, दुसऱ्यात व्हीलचेअरसाठी उतार झाला. कुटुंब न्यायालयात बसायची परवानगी मिळवताना तर त्यांचे उरलेले केसही पांढरे झाले. अट एकच होती. निरीक्षकाने कामकाजात तोंड घातलं की परवानगी रद्द, तीही सगळ्यांची.

"निरीक्षक म्हणजे भिंत," मॅडम म्हणाल्या. "भिंत बोलते का?"

"नाही."

"मान हलवते?"

मी जोरात मान हलवली.

"हे बघ, हलवलीस."

"मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हटलं. "माझ्याकडून शब्द फुटणार नाही. बाळ घेऊन आलं तर चालेल ना?"

"बाळाला अट लागू नाही," मॅडम म्हणाल्या. इथेच आम्ही दोघी चुकलो.

पहिल्या दिवशी मी वेळेच्या कितीतरी आधी जाऊन मागच्या बाकावर भिंत झाले. गळ्यात संस्थेचा बिल्ला होता, पण ढब्बूने तो तोंडात घातला आणि काही केल्या सोडेना. शेवटी लाळेने भिजलेला बिल्ला मी पिशवीत टाकला. पिशवीत लंगोट, दूध, दोन झबली, ओले रुमाल आणि एक रबरी बदक होतं. बिल्ला त्या गर्दीत दिसेनासा झाला.

आता या कोर्टाची एक चांगली पद्धत आहे, ती मला ठाऊक नव्हती. कडेवर लहान मूल असलेल्या बाईचं प्रकरण तिथे रांग मोडून आधी घेतात. ही पद्धत तिथल्या शिपाईकाकांनी पाडली आहे. त्या दिवशीच्या प्रकरणांत तान्ह्या मुलाची आई एकच होती. पोटगीसाठी दावा लावलेली, वकील नसलेली. आणि हॉलमध्ये बाळवाली बाईही एकच होती.

"आलात ना शेवटी," शिपाईकाका माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. "बरं झालं. मागच्या दोन्ही वेळा तुम्ही नव्हतात. आज नसतात तर समोरचा वकील दावा काढून टाका म्हणून बसलाच होता."

मी समोर बघत राहिले. भिंत.

"घाबरलात का? घाबरू नका. तुमचं आधी घ्यायला सांगतो. पाणी पिणार? काही खाल्लंय का सकाळपासून?"

आता खरं सांगायचं तर मी तेव्हाच बिल्ला शोधायला हवा होता. पण मी काही खाल्लं का, हे समोर उभं राहून मला विचारणारा माणूस किती महिन्यांनी भेटला होता. मी पाणी प्यायले. त्यांनी मला पंख्याखालची जागा दिली, मी बसले. मॅडमनी पाण्याबद्दल आणि पंख्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

मग कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला आणि शिपाईकाकांनी माझी पिशवी उचलून चालायला सुरुवात केली. पिशवीत ढब्बूचं दूध होतं. मी मागोमाग गेले आणि थांबले तर समोर न्यायाधीशबाई.

"हजर आहेत?" त्यांनी विचारलं.

"हजर आहेत," शिपाईकाका म्हणाले.

मी बिल्ल्यासाठी पिशवीत हात घातला. बदक निघालं. पुन्हा घातला, लंगोट निघाला. तोंड उघडावं तर मॅडमचे पांढरे केस डोळ्यांपुढे. मी न्यायाधीशबाईंकडे बघत बदक वर धरलं. त्याने काय सिद्ध होणार होतं ते मला अजून कळलेलं नाही.

"फार ताणाखाली दिसतायत," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आधी समुपदेशकांकडे पाठवा. यांचे यजमान आले की त्यांनाही पाठवा."

समुपदेशक बाईंची खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक खिडकी, खिडकीत पाणी घातलेलं झाड. बाई माझ्या आईच्या वयाच्या असतील. दार लागलं तशी मी मनात म्हटलं, हा काही कोर्टाचा हॉल नाही, इथे भिंतीला बोलायला हरकत नाही. 'बाई, तुमची गल्लत होतेय,' हे वाक्य मी जुळवलं, तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रात्री झोप लागते का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"घरात बोलायला कोण आहे?"

"कोणी नाही."

आणि मग काय झालं कोण जाणे, नळ गळावा तसे माझे डोळे गळायला लागले. ढब्बू माझ्याकडे बघत राहिली. तिला बहुतेक वाटलं, रडायचं काम आपलं असताना हे काय चाललंय.

"नवरा कुठे असतो?"

"बाहेरगावी. फोन करतो. जेवलीस का, ढब्बू कशी आहे, एवढं विचारतो. मी काही सांगायला लागले की त्याला मीटिंग असते."

"मारतो?"

"छे हो! बाई, त्याला झुरळसुद्धा मारता येत नाही."

"पितो?"

"दुधाशिवाय काही नाही."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "अजून पाठीशी घालतेस त्याला," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा सगळ्याच घालतात. सावकाश सांग. मला घाई नाही."

मला घाई नाही! हे वाक्य ऐकल्यावर मी जी सुटले, ती शेजारणीचं दार, मीटरवाला, ढब्बूला ताप आला तेव्हा कुणाला विचारावं ते न कळून मी औषधाच्या दुकानदाराला तीनदा फोन केला ते, सगळं सांगत गेले. गल्लतीचं सांगायचं राहिलंच. म्हणजे आठवत होतं. पण ते सांगितलं असतं तर उठावं लागलं असतं.

दार उघडलं आणि हातात हेल्मेट घेतलेला एक उंच माणूस आत आला. त्याने मला पाहिलं, मग बाईंना.

"ही माझी बायको नाही," तो म्हणाला.

"बसा," बाई म्हणाल्या. आवाजातली माया एकदम आटली. "इथे येणारे बरेच जण असंच म्हणतात."

"अहो, खरंच नाही. मी यांना ओळखत नाही. आणि हे बाळही माझं नाही."

"हळू बोला. त्या लेकरासमोर तरी."

"माझं लेकरू मुलगा आहे!"

बाई उभ्याच राहिल्या. "म्हणजे मुलगी झाली म्हणून नाकारताय?"

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकांवर ताटकळलेली माणसं एवढ्यात दारात जमली. एक आजी म्हणाली, "दिसायला किती सज्जन दिसतोय बघा." शिपाईकाकांनी त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं, का ते त्यांनाच माहीत. तो बिचारा घामाघूम झाला. न्याय नीट मिळतोय की नाही ते बघायला मी आले होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याचमुळे, एका माणसाचं कोणी ऐकून घेत नव्हतं.

"ते खरं बोलतायत," मी म्हटलं. "मी यांची बायको नाही."

बाईंनी माझा हात हातात घेतला. "रागाच्या भरात असं तोडून टाकू नये, बाळा."

"राग नाही हो, मी यांना आत्ताच पाहतेय."

"लग्नानंतर माणूस अनोळखी वाटतो खरा," दारातली आजी म्हणाली.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत एक बाई धापा टाकत आली. कडेवर मुलगा. बस वाटेत बंद पडली होती आणि ती उरलेला रस्ता चालत आली होती. "माझा पुकारा झाला का?" तिने विचारलं. "गेला का दावा?" तिचा चेहरा बघून मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

शिपाईकाकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग हेल्मेटवाल्याकडे. "दोन दोन?" ते म्हणाले.

"ही कोण?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला काय माहीत? तासाभरापासून हेच सांगतोय." तो आला त्याला दहा मिनिटंही झाली नव्हती, पण मला त्याचं म्हणणं पटलं.

"यांना तर मीही ओळखत नाही," ती म्हणाली. आपली आई म्हणतेय म्हणून तो मुलगाही ढब्बूकडे परक्यासारखा बघू लागला. समुपदेशक बाईंनी नंतर सांगितलं की त्यांच्या खोलीत नवरा-बायकोचं एका गोष्टीवर एकमत झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मी पिशवी टेबलावर उपडी केली. लंगोटांच्या खालून बिल्ला निघाला.

मॅडमना बोलावणं गेलं. न्यायाधीशबाईंच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. मॅडम आढ्याकडे बघत होत्या. भिंत कशी दिसते ते मला तेव्हा नीट कळलं.

"तुम्ही आधीच का बोलला नाहीत?" न्यायाधीशबाईंनी मला विचारलं.

"निरीक्षकाने बोलायचं नाही, अशी अट आहे."

"आणि आत समुपदेशकांजवळ?"

"तिथे बोलले," मी म्हटलं. "फारच बोलले."

त्यांनी कपाळ चोळलं. "तुम्हाला हजर धरलं म्हणून त्या बाईंचा दावा आज वाचला. तो तुम्ही मुद्दाम वाचवलेला नाही, हे दिसतंच आहे. परवानगी राहू दे. पण यापुढे तुमच्या लोकांना कोणी नाव विचारलं तर नाव सांगायला सांगा."

मॅडमनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

बाहेर आले तर समुपदेशक बाईंचं दार पुन्हा लागलेलं. आतून आवाज आला, "रात्री झोप लागते का गं?" तेच शब्द, तीच माया. उशिरा आलेली ती बाई अडखळत काहीतरी सांगत होती, आणि कोणी तिला घाई करत नव्हतं. माझं काम खरं तर झालं होतं. वकील नसलेल्या बाईचं ऐकून घेतलं जात होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आपल्या खुर्चीत कुणी बसल्यावर वाटतं तसंही वाटलं.

थोड्या वेळाने ती दोघं पुढची तारीख घेऊन निघाली. मी शिपाईकाकांजवळ जाऊन उभी राहिले.

"आता काय, ताई?"

"मलाही पुढची तारीख मिळेल का? याच बाईंकडची."

"तुमचं प्रकरण कुठाय?" ते म्हणाले. "प्रकरण नसलं तर तारीख नाही मिळत हो." मग जरा ओशाळून त्यांनी ढब्बूचा गाल ओढला.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. जेवलीस का, ढब्बू कशी आहे. मी म्हटलं, "ऐक ना, आपण एखादं भांडण करूया का? लहानसंच. कोर्टात जाण्यापुरतं."

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"या आठवड्यात नाही जमणार गं," तो म्हणाला, "ऑडिट चाललंय. पुढच्या महिन्यात बघू."