समुद्रातलं मस्टर

पहिल्यांदाच क्रूझवर निघालेल्या मंडळींना इंटरनेटवर पुष्कळ सल्ले मिळतात. उलटीच्या गोळ्या घ्या, एक दिवस आधी बंदर गाठा, लागणाऱ्या वस्तू हातातल्या पिशवीत ठेवा. मी हे सगळं वाचलं, वहीत उतरवून घेतलं आणि वहीला कव्हरसुद्धा घातलं. पण जो सल्ला मला खरोखर लागणार होता तोच नेमका त्यात नव्हता. तो मी तुम्हाला फुकट देतो. जहाजावर मस्टर चुकवू नका.

आता हे नीट सांगायचं तर सकाळच्या चहापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होत आली होती. कमल (म्हणजे माझी बायको) कांदा चिरता चिरता म्हणाली, "अहो, समुद्राचा पलीकडला काठ दिसतच न्हाई म्हणतात. खरं हाय का?"

कमलचं माहेर पुसेगाव, सासर वसमत. पाणी म्हणजे विहिरीतलं, न्हाईतर नळाला चौथ्या दिवशी येतं ते. मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "चल, दाखवतो एकदा." हे वाक्य मी आजवर ताजमहाल, काश्मीर आणि उटीबद्दलही म्हणालेलो आहे, त्यामुळे त्यात काही धोका आहे असं मला वाटलं नाही. पण त्या दिवशी आमची साक्षी पुण्याहून आलेली होती. पोरीनं ते ऐकलं, मोबाइल काढला आणि माझा चहा संपायच्या आत मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची दोन तिकिटं काढून मोकळी झाली.

"पप्पा, ही रद्द होत न्हाईत," ती म्हणाली. "मी मुद्दाम तसलीच काढली."

कमलनं उरलेला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, "माझं एकच म्हणणं हाय. जहाज सुटताना आपण दोघं संगंसंग वर उभं राहायचं. जमीन मागं मागं जाताना मला बघायचीय. बाकी तुमाला काय करायचं ते करा."

पंचवीस वर्षांत या बाईनं माझ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट, जी बाजारात मिळत नव्हती. मी म्हणालो, कबूल.

मी एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेचा कारकून आहे. (कोणत्या, ते विचारू नका. अजून सहा वर्षं नोकरी आहे.) सगळ्यांचं हजेरीचं मस्टर माझ्या टेबलावर असतं. मध्ये अंगठ्याचं मशीन आलं होतं, पण आमच्याकडं निम्म्या लोकांच्या घरी हळद. हंगामात अंगठे असे पिवळे होतात, की मशीन कुणालाच ओळखेना. मशीन गेलं, मस्टर राहिलं. दहाचा ठोका पडला की मी लाल पेन काढतो आणि ज्याची सही नाही त्याच्या चौकटीत फुली मारतो. लोक मला टरकून असतात. माझ्या नावापुढं सव्वीस वर्षांत एक फुली नाही, कारण लाल पेन माझंच आहे.

शिवाय शेजारच्या टेबलावर विश्वंभर आहे. मला उशीर होणार असला की तो माझी सही करतो, त्याला होणार असला की मी त्याची. माझी सही तशी सोपी आहे. 'प्रे' काढायचा आणि पुढं एक लांब रेघ ओढायची.

मी रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा आमच्या मॅडम (वयानं माझ्या साक्षीपेक्षा चारेक वर्षांनी मोठ्या, पण चष्म्यावरून बघायला लागल्या की मी शर्टाची बटणं तपासतो) म्हणाल्या, "खंदारे, तुम्ही रजासुद्धा घेता?" आणि मंजूर करून टाकली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी कपाटाची किल्ली आणि लाल पेन विश्वंभरच्या हातात दिलं.

"विश्वंभर, मस्टरकडं बराबर लक्ष ठेव बरं का."

"हे काय सांगायचं झालं का भाऊ? तुमी बिनघोर जा," असं म्हणून त्यानं डोळा मारला.

तो डोळा काहून मारला, याचा मी तेव्हाच विचार करायला पाहिजे होता. पण माझं डोकं उलटीच्या गोळ्यांत.

बंदरावर पोचलो तर एक गणवेशातला माणूस आमची बॅग मागायला लागला. मी बॅग दोन्ही हातांनी धरली. वसमतच्या स्टँडवर कुणी आपणहून बॅग उचलायला आलं तर ती परत दिसत नाही, हे आमचं शिक्षण. तो म्हणाला, "सर, रूम में पहुँच जाएगी." मी म्हणालो, "हमारा साथ में जाने का पद्धत है." शेवटी कमलनंच माझ्या बोटांतून बॅग सोडवून त्याला दिली. (ती खोलीत खरंच पोचली. ठेचा आणि दशम्या मात्र तपासणीतच गेल्या. बाहेरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत, हा सल्ला वहीत होता. मीच पान पालटलं होतं.)

आत शिरताना एका पोरीनं हसून आमच्याकडून एक कूपन भरून घेतलं. 'लकी कपल', म्हणजे नशीबवान जोडपं, असं त्यावर छापलं होतं. ज्यांचं नाव निघेल त्यांचा सगळ्यांसमोर सत्कार. मी सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं: प्रेमानंद शेषराव खंदारे, मुक्काम पोस्ट वसमत. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

खोलीत टेकलो न टेकलो तोच भिंतीतून आवाज आला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. "मस्टर ड्रिल के लिए सभी मेहमान अपने-अपने मस्टर स्टेशन पर हाजिर हों."

कमल म्हणाली, "अहो, काय म्हणून राहिले हे?"

"हजेरी घेऊन राहिले."

"इथं बी?"

"मस्टर कुठं सुटतंय का, कमल?" मी पाय पसरत म्हणालो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. एवढ्या लांब, बायकोला घेऊन आलो, आणि इथंही कुणीतरी माझ्यासारखाच लाल पेन घेऊन बसलेला. जहाजावर चढताना दिलेल्या कार्डावर बघितलं तर छापलेलंच होतं: मस्टर स्टेशन सी. ते 'ड्रिल' काय असेल ते कळलं नाही, पण शाळेत कवायतीला ड्रिल म्हणायचे, आणि गुडघे दुखतात म्हणून मला ती माफ असावी, असं मीच ठरवलं.

"चला मग," कमल म्हणाली.

"दोघांनी जायचं काय काम? तू जा, माझी बी सही करून ये. मी तोवर वर चहा कुठं भेटतो ते बघतो."

"चालत असंल का असं?"

"सव्वीस वर्षं चालून राहिलं."

"मला तुमची सही येत न्हाई."

"विश्वंभरला येते, तुला यायला काय झालं? 'प्रे' काढ, पुढं रेघ ओढ."

ती दोन्ही कार्डं घेऊन गेली. मी वर गेलो. वर कुणी म्हणता कुणी नव्हतं. टेबलं मांडलेली, खुर्च्या रिकाम्या, आणि कोपऱ्यात चहाचं मशीन. मनात म्हणालो, आपलंच ऑफिस हे. मस्टरच्या वेळी सगळे आत, आणि चहाला आपण एकटे. कप भरला, कठड्याशी बसलो. समोर पाणीच पाणी, पलीकडला काठ काही दिसेना. कमलचं खरं होतं. इतकं बरं वाटलं म्हणता, की मी दुसरा कप घेतला.

तेवढ्यात माझं नाव ऐकू आलं. "मिस्टर प्रेमानंद शेषराव खंदारे." माझे वडील शेषराव, त्यांनी जन्मात नांदेडच्या पुढं पाऊल टाकलं नाही, आणि त्यांचं नाव आज अरबी समुद्राच्या काठावर घुमत होतं. "मिस्टर प्रेमानंद शेषराव खंदारे, प्लीज रिपोर्ट टू मस्टर स्टेशन सी."

मला कूपन आठवलं. लागलं. लकी कपल लागलं.

मी तिथल्याच बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून केस विंचरले, शर्ट खोचला, तोंड धुतलं. नंतर रस्ता चुकलो. जहाजावर पुढं कोणतं आणि मागं कोणतं हेच कळत नाही. तीन जिने उतरलो, दोन चढलो, आणि एकदा पोहण्याच्या हौदापाशी निघालो. नाव आणखी तीनदा पुकारलं. दर वेळी आवाज जास्तच कळकळीचा होत होता. मला वाटलं, किती प्रेमळ माणसं आहेत.

शेवटी स्टेशन सी सापडलं. मोठा हॉल. आत दोन-अडीचशे माणसं रांगेनं बसलेली, आणि प्रत्येकाच्या अंगात नारिंगी जाकीट. समोर पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचे एक साहेब. मी ओळखलं, हे प्रमुख पाहुणे. मी दारात दिसलो मात्र, सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. काहींनी शिट्ट्याही. मी चारी दिशांना हात जोडले आणि पुढं गेलो. साहेबांनी एक नारिंगी जाकीट उचललं आणि स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातलं. आमच्याकडं शाल असते, यांच्याकडं हे असेल. मी वाकून घालून घेतलं. नारळासाठी हातही पुढं केला होता.

नारळ आला नाही. मला वाटलं, आधी भाषण असेल.

"मित्रहो," मी म्हणालो, "हा सत्कार माझा नसून माझ्या पत्नीचा आहे."

हॉलमध्ये असा हशा उसळला की मी पुढचं वाक्य विसरलो. पहिल्याच रांगेत कमल बसली होती. तिनं जाकिटात नाक लपवलं होतं आणि फक्त डोळे बाहेर होते. पंचवीस वर्षांत त्या डोळ्यांचे सगळे अर्थ मला पाठ झालेले आहेत. हा त्यातला सगळ्यात वरचा होता.

"सर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "आपकी वजह से जहाज रुका है. गिनती में एक आदमी कम था."

मग कळलं ते असं. जहाज बुडायला लागलं तर कुणी कुठं जमायचं याची ती तालीम. एक माणूस जरी कमी भरला तरी जहाज हलत नाही. कमलनं तिथं जाऊन पेन मागितलं होतं. तिथं हजेरी घेणारं पोरगं म्हणालं, "मैडम, साइन नहीं चाहिए, सर चाहिए." ती म्हणाली, "सर चहा प्यायला गेले, मी करते त्यांची." सोळाशे माणसं, कप्तान आणि इंजिन, सगळे एका माणसाचा चहा संपायची वाट बघत बसले होते. तो माणूस दुसरा कप घेत होता.

आम्ही वर आलो तेव्हा जहाज सुटायची साडेपाचची वेळ कधीच टळून गेली होती. कमल माझ्यापुढं चार पावलं चालत होती. मी मनातल्या मनात माझ्या चौकटीत लाल फुली मारली. पहिलीच. हिनं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीसुद्धा मी बिघडवली. मला खरंच लाज वाटली.

भोंगा वाजला. जहाज इतक्या हळू निघालं की आधी वाटलं किनाराच सरकून राहिला. तेवढ्यात सूर्य पाण्याला टेकला. पाणी आमच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, पसरलेल्या हळदीसारखं झालं, पार टोकापर्यंत. मागं इमारतींचे दिवे एकेक करून लागत होते आणि लहान लहान होत होते. कमल कठडा धरून बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

दिवे पार ठिपक्याएवढे झाले तेव्हा ती म्हणाली, "साडेपाचलाच सुटलं असतं तर हे दिसलं नसतं न्हाई का?"

"न्हाई."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि चारचौघांत माझा हात धरला. (हे तिनं लग्नातसुद्धा, धरा म्हणून सांगितल्यावरच केलं होतं.) पुढचे तीन दिवस आख्खं जहाज मला 'मस्टर सर' म्हणत होतं. लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. कमलनं मला रोज सकाळी जाकीट दाखवून विचारायचं, "आज सत्कार घ्यायचा का?" आणि स्वतःच पोट धरून हसायचं. इतक्या सुखात मी कधीच नव्हतो.

सोमवारी कामावर गेलो. मस्टर उघडलं आणि हातातला डबा खाली ठेवला. माझ्या रजेच्या पाचही दिवसांपुढं माझी झकास सही होती.

मी विश्वंभरकडं बघितलं. तो अभिमानानं म्हणाला, "तुमीच तर म्हणाले, लक्ष ठेव."

मी काही बोलायच्या आत मॅडमनी आत बोलावलं. टेबलावर माझा मंजूर रजेचा अर्ज होता, शेजारी मोबाइल. मोबाइलमध्ये मी नारिंगी जाकीट घालून नारळासाठी हात पुढं केलेला. (कुणीतरी काढून इंटरनेटवर टाकलेला तो व्हिडिओ साक्षीनं घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून माझ्या मेहुण्याकडं, आणि तिथून कार्यालयाच्या ग्रुपवर. आमच्याकडं एसटी उशिरा पोचते, व्हिडिओ नाही.)

"खंदारे," मॅडम म्हणाल्या, "जहाजावर हजर होतात तेव्हा तुम्ही मस्टरला गैरहजर. इथं गैरहजर होतात तेव्हा मस्टरला हजर. मग तुम्ही नेमके होतात कुठं?"

मी रजेच्या अर्जाकडं बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, दोघांनाही कारणे दाखवा नोटीस काढा. नोटीस टाइप करायचं काम आस्थापना शाखेचं, म्हणजे माझं. विश्वंभरची टाइप केली, मग माझी. हाताला सवय असल्यामुळं 'ही बाब अत्यंत गंभीर असून' हे वाक्य मी स्वतःसाठीसुद्धा सोडलं नाही. जावक नंबर टाकला, स्वतःला दिली आणि मिळाल्याची सही करून प्रत मॅडमपुढं ठेवली.

मॅडमनी ती मस्टरशेजारी धरली. चष्म्यावरून बघितलं.

"ही सही तुमची नाही."

"माझीच आहे मॅडम. आत्ता केली."

"मस्टरमधल्या एकाही सहीशी जुळत नाही. रेघेखालची दोन टिंबं कुठं आहेत?"

मी वाकून बघितलं. टिंबं होती. मागची पानं चाळली. गेल्या वर्षीही होती, त्याच्या आदल्या वर्षीही. विश्वंभरनं ती कधी वाढवली ते मला माहीत नाही. सही जुळेपर्यंत नोटीस तुम्हाला मिळाली असं धरता येणार नाही, असं सांगून मॅडमनी प्रत परत केली. त्या हसल्या असाव्यात, पण मी मान खाली घालून बाहेर आलो होतो.

तेव्हापासून रोज दुपारी डबा झाला की विश्वंभर मला माझी सही शिकवतो. काल म्हणाला, "रेघ आता बरी येऊन राहिली भाऊ, पण टिंबं काही तुमच्यासारखी होत न्हाईत."