किसनबापूंची केसपरीक्षा

देऊळघाटात किसनबापूंसमोर टोपी काढली की एक केस गेलाच म्हणून समजा. राम राम म्हणता म्हणता उपटायचे. टकल्यांचीही सुटका नव्हती. त्यांच्या मिशीचा घ्यायचे.

हे माझे शेजारी. दवाखान्यात कंपाउंडर होते. खाण्यातली खनिजं केसात उतरतात, असं कुणा डॉक्टरच्या तोंडून ऐकलं आणि पेन्शनीत निघाल्यावर हेच वेड घेतलं. केस उन्हात धरायचा, ताणायचा, काडी लावून वास घ्यायचा. मग निकाल, "लोह कमी हाय. गूळ-शेंगदाणे खा."

मी एकदा खोडी म्हणून म्हशीच्या शेपटीचा केस दिला. बापूंनी हुंगला आणि शांतपणे म्हणाले, "तब्येत बरी हाय तुही. सरकी तेवढी कमी खात जाय."

एकदा लेकीला भेटायला रोहिणखेडला निघाले, मलाही सोबत नेलं. शांताचं पहिलं बाळंतपण फसलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे स्वयंपाकघरात काय शिजतं, सुनेच्या ताटात काय पडतं, हे बापाला दिसायचं कसं? बापू ओसरीवर कोरडेच बसले आणि कामाला लागले. व्याह्यांचा केस घेतला, जावयाचा घेतला, विहीणबाईंनीही हसत हसत दिला. शेवटी शांता आली. बापूंनी तिचा पदर जरा मागं सारला, केस घेतला. हात मात्र डोक्यावरच राहिला.

मग काडी ओढली, वास घेतला. "इहीनबाई, साऱ्या घराचंच लोह कमी हाय. रोज गूळ-शेंगदाणे, वाटीभर दूध. अन् सारे एका पंगतीत बसा, शांतीले बी संगंच वाढा. नाही त गुण येत नाही."

"हाव, बसू की," विहीणबाई म्हणाल्या.

परतताना मी विचारलं, "बापू, शांताच्या केसात काय निघालं?"

"केसातलं मले काय कयते, लेका? मी तिचं मनगट पाह्यलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकून राह्यल्या होत्या."

मी म्हटलं, "मग सरळ विचारायचं ना विहीणबाईंना."

बापू म्हणाले, "लेकीच्या सासरी जाऊन, 'माह्या पोरीले पोटभर देता काय,' असं बापानं कोन्त्या तोंडानं इचारावं?"